तेल उतरते त्या गावाचा हक्क

वाशीम जिल्ह्याला समुद्र नाही, बंदर नाही, सांगण्यासारखे खनिज नाही. इतकेच काय, 1905 साली इंग्रजांनी मोडलेला आपला जिल्हा परत मिळण्यासाठीही त्याला 1 जुलै 1998 पर्यंत अकोल्याच्या कचेरीत हेलपाटे घालावे लागले. अशा मुलखातल्या माणसाने अरबी समुद्रातल्या तेलाविषयी, आणि ते तेल ज्या किनाऱ्यावर उतरते त्या रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्याविषयी चार गोष्टी सांगाव्यात, हे काहींना आगंतुकपणाचे वाटेल. परंतु मृग नक्षत्र लागले की मालेगाव-रिसोड रस्त्यावरच्या पंपापुढे ट्रॅक्टरांची जी रांग लागते, आणि पुढे सोयाबीनची सोंगणी होऊन हडंबा धडधडू लागला की प्लास्टिकच्या कॅनमधून जे डिझेल शेताच्या धुऱ्यापर्यंत पोचते, त्याचा माग काढीत गेले तर वाट अकोल्याजवळच्या गायगावच्या डेपोवरून, रेल्वेच्या टाक्यांवरून, तुर्भ्याच्या शुद्धीकरण कारखान्यांवरून अखेरीस उरणच्या किनाऱ्याला जाऊन भिडते. त्या कॅनमध्ये आखाती तेलही मिसळलेले असेल, कोणता थेंब कोठला हे कोणी सांगू शकणार नाही. तथापि ज्या गावाच्या पोटातून आपली पेरणी निघते त्या गावाचे त्यात काय देणे लागते, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार खाणाऱ्यालाही असतो, किंबहुना त्यालाच अधिक असतो.

मुंबईच्या पश्चिमेस सुमारे 160 किलोमीटरवर, समुद्रतळाखाली, तेल आहे हा तर्क 1964 नंतरच्या भारतीय-सोव्हिएत भूकंपीय पाहणीने दृढ केला. आणि जपानात बांधलेल्या ‘सागर सम्राट’ या तरत्या वेधयंत्राने फेब्रुवारी 1974 मध्ये तो खरा करून दाखविला. (जाता जाता सांगावेसे वाटते, की ज्या काळ्या पाषाणाच्या झिजेतून आमची कापसाची जमीन झाली, त्याच दख्खनच्या कातळाचा विस्तार त्या तेलधारी चुनखडकाच्या तळाशीही सापडतो, भूगर्भाला जिल्ह्यांच्या सरहद्दी ठाऊक नसतात.) काळही असा, की आदल्या ऑक्टोबरात पश्चिम आशियात युद्ध पेटून तेलाची किंमत काही महिन्यांत चौपट झाली होती आणि परकीय चलनाच्या चिंतेने दिल्लीची झोप उडाली होती. 21 मे 1976 रोजी बॉम्बे हाय या त्या तेलक्षेत्रातून उत्पादन सुरू झाले. प्रारंभी तेल जहाजांनी आणले गेले. लवकरच समुद्रतळावरून दोनशे किलोमीटरच्या घरात लांबीचे नळ टाकून ते थेट उरणला उतरविण्यात आले आणि तेथे तेल व नैसर्गिक वायू आयोगाचा प्रचंड कारखाना उभा राहिला.

उरणच्या या ठिकाणाला केवळ धक्का किंवा गोदाम समजणे चुकीचे होईल. समुद्रातून येते ते निव्वळ तेल नसते. तेल, वायू आणि पाणी यांचे ते एक खवळलेले मिश्रण असते, आणि नळातून त्याचे लोट येतात तेव्हा त्यांचा आवेग झेलण्यासाठीच मुळी स्वतंत्र, अजस्र नळ्यांची रचना करावी लागते. तेथे वायू वेगळा होतो, पाणी वेगळे होते, तेलातील उडून जाणारे अंश काढून त्याला साठवणीजोगे शांत करण्यात येते. वायूतून स्वयंपाकाचा गॅस निघतो, नाफ्ता निघतो, आणि इथेन-प्रोपेन निघून नागोठण्याच्या कारखान्याकडे जाते. उरलेल्या वायूवर तुर्भे आणि थळ येथील खतकारखाने चालले, आणि उरणजवळच राज्य वीज मंडळाचे वायूवर चालणारे वीजकेंद्रही उभे राहिले. म्हणजे वाशीमच्या शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरमधील डिझेल, त्याच्या पोत्यातील युरिया आणि त्याच्या घरातील सिलिंडर, या तिहींच्या मुळाशी त्या एका किनारपट्टीचा हात लागलेला आहे. नागावच्या किनाऱ्यावरून सायंकाळी पाहिले तर नारळी-पोफळींच्या वर, उंच चिमणीच्या तोंडाशी, नको असलेला वायू जाळून टाकणारी ज्वाळा दिसते. वाऱ्याच्या झोताबरोबर तिचा रंग आणि आवाज दोन्ही बदलतात, आणि मुलखाला नवा असलेला माणूस तिच्याकडे पाहत राहिला तरी वाटेने जाणारा गावकरी मान वर करीत नाही.

ज्या उरणने हे सारे पोटात घेतले, ते रिकामे रान नव्हते. तो भातशेतीचा, मिठागरांचा आणि कोळीवाड्यांचा तालुका होता. मोरा आणि करंजा ही त्याची बंदरे (आमच्या कारंजा लाडशी त्याचा काही संबंध नाही), आणि 25 सप्टेंबर 1930 रोजी चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळ्या झेलणारी माणसे त्याच मातीतली. एकाच पिढीच्या डोळ्यांदेखत या तालुक्यावर नव्या मुंबईसाठी भूसंपादन आले, तेलाचा कारखाना आला, वीजकेंद्र आले, आणि 1989 साली सुरू झालेले न्हावा-शेवा बंदर आले. जानेवारी 1984 च्या 16 आणि 17 तारखांना जासई व दास्तान फाटा येथे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील शेतकऱ्यांवर गोळीबार होऊन पाच माणसे मेली, तेव्हा कोठे संपादित जमिनीपैकी साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याच्या तत्त्वाचा पाया पडला. त्या तत्त्वाप्रमाणे भूखंड हाती पडायला कित्येकांना पुढे दशके लागली, हा निराळा अध्याय. समुद्रात तेलाच्या प्रत्येक फलाटाभोवती पाचशे मीटरांचे निषिद्ध वर्तुळ आखले गेले. मासा मात्र त्या लोखंडाच्या सावलीतच गोळा होतो, हे कोळ्याला कायद्याच्या आधीपासून माहीत होते. 2013 च्या ऑक्टोबरात वाहिनीतून गळलेले तेल उरणच्या किनाऱ्यावर पसरले. 3 सप्टेंबर 2019 च्या सकाळी कारखान्यात आग लागून चार माणसे गेली. त्यांपैकी तिघे औद्योगिक सुरक्षा दलाचे अग्निशामक होते. आणि याच तालुक्यातील घारापुरी बेटावर, जेथून किनाऱ्यावरचे हे सारे दिवे रात्रभर दिसतात, समुद्राखालून तार टाकून नियमित वीज पोचली ती 2018 साली!

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. संविधानाच्या 297 व्या अनुच्छेदाने प्रादेशिक समुद्राच्या आणि सागरमग्न भूखंडमंचाच्या तळाशी असलेली सर्व खनिजसंपत्ती संघराज्याकडे निहित केली आहे. आसामच्या किंवा गुजरातच्या जमिनीतून तेल निघाले तर त्याचे स्वामित्वशुल्क त्या राज्याला मिळते. बॉम्बे हायचे मात्र महाराष्ट्राला मिळत नाही, मग उरणला कोठून मिळणार? 1974 च्याच तेल उद्योग विकास अधिनियमान्वये देशी तेलावर उपकर बसला, 2016 पासून तो किमतीच्या वीस टक्के झाला. परंतु तो भारताच्या संचित निधीत जमा होतो आणि त्यातला फार थोडा अंश त्या अधिनियमाच्या मंडळाकडे वळला. 2015 साली खाणींच्या कायद्यात दुरुस्ती होऊन प्रत्येक खाणजिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान निघाले, त्यामुळे चंद्रपूरच्या कोळशातील एक ठरलेला वाटा चंद्रपूरलाच खर्चावा लागतो. पण त्या कायद्याच्या व्याख्येतच खनिजतेल वगळलेले आहे. शेवटी उरते ते कंपनी कायद्याच्या 135 व्या कलमातील दोन टक्क्यांचे सामाजिक दायित्व. त्यात स्थानिक परिसराला ‘प्राधान्य’ द्यावे एवढेच म्हटले आहे. प्राधान्य म्हणजे हक्क नव्हे. शाळेला बाकडी मिळाली, रुग्णवाहिका मिळाली, समाजमंदिरावर पत्रे पडले, की फीत कापून टाळ्या वाजतात. ज्याचे घ्यायचे त्यालाच आभार मानावयास लावणारी ही पद्धत मला, स्पष्टच सांगतो, अपमानास्पद वाटते.

येथे एखादा वऱ्हाडी वाचक मला थांबवील, आणि त्याने थांबवावेच. तो म्हणेल, ‘अहो, उरणची वकिली तुम्ही कशाला करता? रायगड जिल्ह्याचे दरडोई उत्पन्न पाहा, उरणच्या जमिनीचे भाव पाहा. आपला वाशीम 2018 साली देशातल्या आकांक्षित, म्हणजे सरळ मराठीत मागासलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत बसविला गेला. 1984 च्या दांडेकर समितीपासून आपण अनुशेष अनुशेष म्हणून घसा कोरडा करीत आहोत, 1953 च्या नागपूर कराराची आठवण करून देत आहोत. आणि पैसा उरणला मिळावा म्हणून तुम्ही लिहिता?’

हा आक्षेप हलक्याने घेण्याजोगा नाही. कारण त्याच्या मुळाशी जी समजूत आहे तीच आपल्या साऱ्या सार्वजनिक वादांना व्यापून राहिली आहे. ती समजूत अशी, की राज्याच्या खजिन्यावर प्रदेशाचा दावा एकाच कारणाने उत्पन्न होतो, आणि ते कारण म्हणजे उणीव. ज्याच्याकडे रस्ते कमी, सिंचन कमी, दवाखाने कमी, त्याला अधिक द्यावे; हा न्याय खरा आहे, आणि वाशीमचा दावा त्याच न्यायाचा आहे. परंतु दावा उत्पन्न होण्याचे दुसरेही एक कारण असते, आणि ते म्हणजे भार. सर्वांच्या उपयोगाचे, पण सर्वांना आपल्या दारात नको असलेले, असे काही ज्याने आपल्या दारात सोसले, त्याचे देणे तो गरीब आहे म्हणून लागत नाही. तो श्रीमंत असता तरी लागलेच असते. उणिवेचा दावा सरासरीने मोजता येतो. भाराचा येत नाही; कारण जिल्ह्याच्या सरासरीत बंदराचा व्यापारी आणि मिठागरावरून उठवलेला आगरी एकाच कोष्टकात बसतात, आणि दुसऱ्याचे दुःख पहिल्याच्या उत्पन्नाने भागिले जाते. उरणला आपण उणिवेच्या तराजूत घालतो आणि ते भरलेले दिसते म्हणून परत पाठवतो. वस्तुतः तराजूच चुकीचा निवडलेला असतो.

जुनी राज्यव्यवस्था या बाबतीत आपल्यापेक्षा काही अंशी शहाणी होती, असे म्हटले तर आजच्या वाचकाला नवल वाटेल. बंदरातील मांडवीवर माल उतरला की जकात सरकारजमा होई खरी, पण महसुलातून आणि जकातीतून स्थानिक हक्कदारांचे हक्क वजा होत. ते दान नव्हते, सनदेत आणि वहिवाटीत बसलेले देणे होते, आणि हुजुरातला कारकूनही ते सहजासहजी बुडवू शकत नसे. दोष होता तो निराळाच: हक्क मिळे तो देशमुख-देशपांड्यांना, रयतेला आणि होडी वल्हविणाऱ्याला मिळे ती वेठ. स्वातंत्र्योत्तर काळात आपण वतने खालसा केली ते योग्यच झाले; पण वतनदाराबरोबर गावाचा हक्क ही कल्पनाही आपण खालसा करून टाकली, आणि तिच्या जागी सरकारी कृपा बसविली.

वऱ्हाडाला तर हे शिकवावे लागू नये. 1853 च्या तहाने निजामाच्या फौजेच्या खर्चापोटी हा सुपीक प्रांत इंग्रजांकडे लावून दिला गेला आणि 1902 च्या कराराने सालिना पंचवीस लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमचा मक्त्याने गेला. तो मोबदला हैदराबादच्या खजिन्यात पडला, कापूस मुंबईच्या गोदीत गेला, आणि ज्याच्या जमिनीचा हा सौदा, त्या कुणब्याची सही दोन्ही कागदांवर नव्हती. कारंज्यावरून पूर्वी धावणारी मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद मापाची ‘शकुंतला’ कोणाच्या सोयीसाठी घातली गेली होती हे कारंज्याच्या जिनिंगवाल्यांना पुरते ठाऊक होते. संपत्ती ज्या गावावरून जाते त्या गावात ती थांबतेच असे नाही, हे आमच्या आजोबा-पणजोबांनी रुळांच्या कडेला उभे राहून पाहिलेले आहे. उरणकर तेच नळांच्या कडेला उभे राहून पाहतो आहे.

पण हे अपरिहार्य होते का? नव्हते, आणि त्याचा पुरावा उत्तर समुद्रातील शेटलंड नावाच्या लहानशा द्वीपसमूहाने दिलेला आहे. मासेमारी, मेंढ्या आणि लोकरीची वीण यांवर जगणारी ही बेटे स्कॉटलंडच्याही उत्तरेस आहेत. त्यांच्या भोवतालच्या समुद्रात तेल सापडले तेव्हा कंपन्यांचे दलाल किनाऱ्यावरच्या जमिनी हेरीत फिरू लागले. तेथील काउंटी कौन्सिलने, आणि विशेषतः तिचे मुख्य अधिकारी इयन क्लार्क यांनी, कंपन्यांचे पाऊल पडण्याआधीच ब्रिटिश संसदेकडे धाव घेऊन 1974 साली स्वतःपुरता एक कायदा करून घेतला. म्हणजे ‘सागर सम्राटा’ला तेल लागले त्याच वर्षी! त्या कायद्याने सलम वो येथील बंदराचा कारभार कौन्सिलच्या हाती आला, जमीन संपादण्याचा अधिकार तिला मिळाला, आणि होणाऱ्या उपद्रवाबद्दल कंपन्यांनी तेलाच्या प्रमाणात पैसे द्यावेत असा करार झाला. 1978 च्या नोव्हेंबरात पहिले तेल उतरले, आणि तेव्हापासून जमलेल्या रकमेच्या विश्वस्त निधीतून त्या बेटांवर वृद्धांसाठी निवारे, क्रीडागृहे आणि सभागृहे उभी राहिली.

यातील मर्म नीट लक्षात घेतले पाहिजे. शेटलंडने तेलावर मालकी सांगितली नाही. तेल आणि त्यावरचा कर ब्रिटिश सरकारकडेच राहिला. तेथील कौन्सिलने मागितला तो केवळ उपद्रवाचा मोबदला आणि बंदराचे देणे. म्हणूनच आपल्याकडचा सर्वात भारदस्त आक्षेप, की तेल राष्ट्राचे आहे, ते प्रत्येक तालुक्याने वाटून मागितले तर राष्ट्र उरणार नाही, हा येथे लागू पडत नाही. 297 वा अनुच्छेद मला मान्य आहे. समुद्राच्या पोटातील तेल उरणचे नाही, महाराष्ट्राचेही नाही, ते जितके मुंबईचे तितकेच मणिपूरचे आहे. पण ज्या जमिनीवर ते उतरते ती जमीन, ज्या हवेत ती ज्वाळा जळते ती हवा, आणि ज्या खाडीत तवंग येतो ती खाडी, ही राष्ट्राने काही समुद्रातून काढलेली नाहीत. मालाची मालकी आणि वाटेचे देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि आपल्या कायद्याने पहिली ठरविताना दुसरीचा विचारच केला नाही.

नोकऱ्या मिळाल्या की, असेही म्हणतात. काही मिळाल्या, त्या नाकारण्यात अर्थ नाही, कित्येक घरांत त्यांनी दोन पिढ्यांचे शिक्षण झाले. परंतु यंत्र जसजसे शहाणे होते तसतशी कायम नोकरी आटते आणि कंत्राटी हजेरी वाढते. शिवाय नोकरी ही श्रमाची किंमत आहे, सोसलेल्या भाराची नव्हे. खरा धोका मला दुसरीकडे दिसतो. असा निधी उद्या निघालाच तर तो कोणाच्या हाती पडेल? जमिनीच्या पैशावर किनारपट्टीत जे नवे पुढारी आणि कंत्राटदार उत्पन्न झाले आहेत, ते जुन्या वतनदारांची गादी चालवायला एका पायावर तयार असतील. खनिज प्रतिष्ठानांच्या पैशाचे काही जिल्ह्यांत काय झाले हे पाहता, जिल्हाधिकारी आणि पालकमंत्री यांच्या समितीवर मी तरी विसंबणार नाही. निधीचे मूळ भांडवल खर्चता येऊ नये, त्याच्या व्याजाचा विनियोग ग्रामसभांनी ठरवावा, आणि त्यात मच्छीमार सोसायट्यांना व शेतमजुरांना राखीव जागा असाव्यात, इतके तरी बंधन कायद्यातच हवे.

आता वाशीमकडे परत येतो, कारण हा प्रश्न येऊन आमच्याही दारात उभा आहे. समृद्धी महामार्ग आमच्या मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा या तालुक्यांना कापीत जातो, आणि त्याच महामार्गाच्या पट्ट्यातून मुंबई-नागपूर-झारसुगुडा ही नैसर्गिक वायूची वाहिनी टाकण्यात आली आहे. महामार्गासाठी बहुतेक जमिनी सरळ खरेदीने घेतल्या गेल्या, भावही बरे मिळाले, त्याविषयी येथे तक्रार नाही. मात्र अशी वाहिनी खासगी शेतातून नेण्याचा जो सर्वसाधारण कायदा आहे, 1962 चा, तो वाचण्यासारखा आहे. त्यात जमीन शेतकऱ्याचीच राहते. सरकार घेते तो फक्त वापराचा अधिकार, आणि त्याबद्दल बाजारभावाच्या दहा टक्के रक्कम व पिकाची नुकसानी देऊन मोकळे होते. त्यानंतर त्या पट्ट्यावर शेतकऱ्याने सोयाबीन पेरावे, तूर पेरावी. पण विहीर खणू नये, शेततळे करू नये, घर बांधू नये, झाड लावू नये. ज्या जिल्ह्यात विहीर हीच शेतकऱ्याची इस्टेट, त्या जिल्ह्यात विहीर न खणण्याचे कायमचे बंधन दहा टक्क्यांत उरकते! गावाला तर तेवढेही नाही. कारण असा व्यवहार स्वभावतःच कंपनी आणि जमिनीचा धनी यांच्यात होतो, आणि रस्त्याच्या पट्ट्यात तो धनीही सरकारीच असतो. गावच्या शिवारात मोबाइलचा मनोरा उभा राहिला तर ग्रामपंचायत त्यावर कर बसविते. मग त्याच शिवाराखालून वर्षानुवर्षे वायू वाहत असेल तर दर किलोमीटरमागे काही ठरलेले देणे तिला का मिळू नये, याचे समाधानकारक उत्तर मला कोठे सापडलेले नाही.

म्हणूनच उरणची वकिली ही वाशीमला परकी नाही. भाराचा हक्क किनाऱ्यावर मान्य झाला तर तो नळाच्या वाटेने आपोआप आमच्यापर्यंत येईल. आणि अनुशेषाचा आमचा दावा त्याने रेसभरही उणा होणार नाही, कारण दोहोंची खाती वेगळी आहेत. फरक आहे तो वेळेचा. शेटलंडने करार केला तेव्हा एक थेंबही उतरला नव्हता, म्हणून कंपन्या ऐकून घेत होत्या. उरणने मागणी करायची ती बॉम्बे हायचा भर ओसरल्यावर. उत्पादन ऐंशीच्या दशकातील शिखरावरून पुष्कळ खाली आले आहे, आणि ते सावरण्यासाठी 2025 च्या आरंभी एका ब्रिटिश तेलकंपनीला तांत्रिक साहाय्यासाठी पाचारण करावे लागले. त्या नव्या व्यवस्थेत वाढीव उत्पादनाचा जो हिशेब मांडला जाईल, त्यात उतरण्याच्या जागेचा एक रकाना घालून घेणे उरणला अजून शक्य आहे. दहा वर्षांनी असेल असे नाही. आमच्याकडे मात्र वाहिनी नवी आहे, तिचे आयुष्य पुढे पडलेले आहे. समृद्धीच्या काठच्या ग्रामपंचायतींनी याच वर्षीच्या ग्रामसभांत दर किलोमीटरच्या देण्याचा ठराव करून तो जिल्हा परिषदेकडे, आणि तेथून मुंबईला व दिल्लीला, धाडला पाहिजे. आणि त्या ठरावाची एक नकल उरणच्या ग्रामपंचायतींनाही गेली, तर दोन्ही कडच्या दप्तरांत निदान एक कागद तरी सारखा होईल.